परत आलेली किल्ली

रास अल खैमातल्या एका दवाखान्यात एसी गळायला लागला, एवढंच निमित्त झालं. दुरुस्तीला आलेल्या माणसांनी पाणी पडू नये म्हणून कोपऱ्यातलं कपाट सरकवलं, तेव्हा एकदोन वायरी निघाल्या आणि इंटरनेट बंद पडलं. त्यातल्या एकाला वाटलं, कपाटातला काळा पोलादी डबा म्हणजे राउटर असणार, आत कुठेतरी रीसेटचं बटण असेल. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून झाकणाचे चारही स्क्रू सोडवले. झाकण बोटभर उचललं गेलं आणि डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा झाला. बटण काही सापडलं नाही. त्याने झाकण परत बसवलं, स्क्रू आवळले आणि तो पुन्हा एसीच्या मागे लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या डॉक्टर उर्मिला वर्तक यांनी शहरबानूला फोन केला.

"बानू, एकाही पेशंटची फाइल उघडत नाहीये हो. कालपर्यंत सगळं नीट होतं."

शहरबानू होडेकर तेव्हा शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या आपल्या ऑफिसात, नुकता आणलेला चहा समोर ठेवून बसली होती.

"डॉक्टर, कपाटातल्या डब्याचा दिवा कुठल्या रंगाचा आहे?"

"थांबा हं." पावलांचा आवाज आला. "तांबडा."

बानूने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "कशालाही हात लावू नका. मी निघाले."

तो डबा तिच्या कंपनीने बनवलेला होता. त्याचं नाव सदफ, म्हणजे शिंपला. नाव तिनेच सुचवलं होतं. दवाखाने, वकील, कारखानदार आपली गुपितं संगणकात कुलूपबंद करून ठेवतात, आणि त्या कुलपाची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा असतो. तो आकडा संगणकातच ठेवला तर उद्या कोणीतरी उचलून नेणार. म्हणून तो अशा डब्यात ठेवायचा. धंद्यात त्याला एचएसएम म्हणतात. हमरियाच्या शेडमध्ये सगळे नुसतं 'डब्बा' म्हणत. किल्ली डब्याच्या पोटातच तयार होते आणि तिथून कधी बाहेर येत नाही. आतून केसाएवढ्या तारांची जाळी बसवलेली असते. कोणी झाकण उचकटायला गेलं की जाळी तुटते आणि पापणी लवायच्या आत किल्ली पुसली जाते. चोराच्या हाती नुसतं लोखंड लागतं.

डबा नेऊन बसवणं आणि ग्राहकाच्या डोळ्यांदेखत त्यात किल्ली तयार करणं, हे बानूचं काम. आठ वर्षांत तिने एकतीस डबे बसवले होते. चारुदत्त सबनीस कौतुकाने तिला 'किल्ल्यांची सुईण' म्हणत.

चारुदत्त म्हणजे कंपनीचे मालक आणि डब्याचे कर्ते. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात बानू शिकत होती तेव्हा ते तिथे तरुण लेक्चरर होते. पुढे आखातात आले, आणि हमरियात स्वतःची शेड घेतली तेव्हा पहिला फोन त्यांनी बानूला केला होता. ऑफिसात सगळे त्यांना सर म्हणत. बानू एकटी दादा म्हणे. अब्बा गेल्याची बातमी आली त्या दिवशी तिला कुठलंच तिकीट मिळत नव्हतं. दादांनी दहा ठिकाणी फोन करून तिकीट मिळवलं, स्वतः गाडी चालवत तिला विमानतळावर सोडलं. तिचा नवरा मुश्ताक तेव्हा कामासाठी ओमानमधल्या सलालाला अडकला होता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी अलिना बारा दिवस दादांच्या घरी राहिली आणि परत आली ती शुभंकरोती पाठ करूनच. मुश्ताक हसून म्हणाला होता, "अब इसका क्या करें?" बानूने ते सगळं मनात जपून ठेवलं होतं. सख्ख्या भावाने इतकं केलं नसतं.

रास अल खैमाच्या रस्त्यावर तिला वर्तक डॉक्टरांशी झालेली पहिली भेट आठवत होती. तीन वर्षांपूर्वीची. डॉक्टर मानसोपचाराच्या. त्यांच्याकडे सिमेंटच्या कारखान्यातले फोरमन यायचे, शाळेतल्या शिक्षिका यायच्या, घरात बसून बसून जीव नकोसा झालेल्या बायका यायच्या, आणि सगळे दाताचं दुखणं सांगून यायचे. आपण इथे येतो हे कंपनीला कळलं तर नोकरी, सासरी कळलं तर संसार, अशी प्रत्येकाला धास्ती. डॉक्टरांनी एकच प्रश्न तीनदा विचारला होता.

"उद्या कोणी दबाव आणला, लालूच दाखवली, तर तुम्ही ही किल्ली काढून देऊ शकाल?"

"मी नाही," बानूने सांगितलं होतं. "माझी कंपनी नाही. हा डबा ज्याने बनवला तो माणूससुद्धा नाही. तुमची किल्ली गेली तर ती आम्हीही परत देऊ शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून जोडीला दुसरा डबा घ्या, म्हणजे एकाची किल्ली दुसऱ्यात राहील."

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग त्यांनी सही केली. दुसरा डबा पुढच्या वर्षी घेऊ म्हणाल्या, आणि ते पुढचं वर्ष काही आलं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर बानूने कपाटापाशी गुडघे टेकले. स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. तिला आणखी काही बघायची गरजच नव्हती.

"डॉक्टर, बसा," ती म्हणाली.

"सांगा तुम्ही."

"कोणीतरी डबा उघडलाय. किल्ली पुसली गेली. फाइली कॉम्प्युटरमध्ये आहेत, पण आता त्या कोणालाच वाचता येणार नाहीत. तुम्हालाही नाही, आम्हालाही नाही."

"कधीच?"

"कधीच."

बाहेर तीन पेशंट बसले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने उगाचच पुसत राहिल्या. "एक बाई आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सतरा महिने माझ्यासमोर येऊन नुसती बसायची. मग एका दिवशी बोलायला लागली, दोन तास थांबली नाही. मी शब्दन् शब्द लिहून ठेवला. आता तिला काय सांगू? पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणू?"

बानूने डब्याच्या वायरी काढून गुंडाळायला घेतल्या.

"तुम्ही तेव्हा म्हणाला होता ते अक्षरशः खरं होतं तर."

"हो."

"मग रागावू तरी कोणावर?" असं म्हणून डॉक्टरांनी तिच्यासाठी कडक चहा मागवला. जिचं नुकसान झालं त्या डॉक्टरांनीच आपली समजूत काढावी याची बानूला लाज वाटली. परत येताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात किंचित अभिमानही होता. डबा शब्दाला जागला होता.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. "दुसरा डबा घ्या असं आपण लेखी दिलं होतं ना? मग आपल्यावर काही येत नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "बिचारी. बघतो मी."

बघतो म्हणजे फोन करून धीर देतील, असं बानूने धरलं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका वेगळा.

"बानू! सगळं परत आलं हो! तुमचे सबनीस सर आज सकाळी स्वतः आले, नवा डबा लावला, तासाभरात सगळ्या फाइली उघडल्या. देवमाणूस आहे. तुम्ही उगाच घाबरवलंत मला!"

बानूच्या तोंडून "अरे वा" निघालं.

माणूस वाईट गोष्टीवर चटकन विश्वास ठेवत नाही. आधी तो पळवाटा शोधतो. बानूने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही किल्लीची कॉपी कुठे काढून ठेवली होती का? एखाद्या कार्डावर वगैरे?"

"मला ते येतं का तरी?"

"दादांनी नवीन किल्ली बनवली असेल."

"नवी किल्ली जुन्या कुलपाला कशी लागेल? तुम्हीच शिकवलंय ना मला."

बानूने मागच्या कपाटातून रास अल खैमाची फाइल काढली. डबा बसवताना ती एका कागदावर किल्लीचा ठसा उतरवून घेत असे. सोळा अक्षरांची ओळ. त्यावरून किल्ली कळत नाही, पण दोन किल्ल्या एकच आहेत की वेगळ्या, ते कळतं. कागदाच्या दोन प्रती, दोन्हींवर तिची आणि ग्राहकाची सही, एक प्रत ग्राहकाकडे.

"डॉक्टर, एक काम करा. नव्या डब्याच्या स्क्रीनवर खाली एक ओळ दिसेल. ती मला वाचून दाखवा."

"सात, एफ, शून्य, तीन," डॉक्टर आनंदात वाचू लागल्या. बानू कागदावरून बोट पुढे सरकवत होती. "बी, बी, नऊ..." सोळाव्या अक्षरापर्यंत ओळ तीच होती.

"बरोबर आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरोबर आहे," बानू म्हणाली.

किल्ली मेली होती. तिने स्वतः पाहिली होती मेलेली. आणि ती आता जशीच्या तशी चालत घरी आली होती. याचा अर्थ एकच होता, तिची एक प्रत आधीपासून दुसऱ्या कुठेतरी होती.

दादांची केबिन शेडच्या वरच्या मजल्यावर होती. ते संत्रं सोलत होते. "ये, ये. जेवलीस?"

"दादा, रास अल खैमाची किल्ली परत कशी आली?"

"बॅकअप होता."

"कुठे?"

"असतो एखादा."

"नव्हता, दादा. ती किल्ली मी बसवली होती. तिने दुसरा डबा घेतलेला नाही, कार्ड घेतलेलं नाही. मला सांगा ना, कुठे होता."

दादांनी संत्र्याच्या फोडी बशीत ठेवल्या, हात पुसले. "दार लाव," ते म्हणाले.

तिने दार लावलं.

"डबा किल्ली बनवतो म्हणजे फासे टाकतो, असं आपण लोकांना सांगतो. काय दान पडेल कोणालाच ठाऊक नसतं. बरोबर? फासे मी बनवलेत, बानू. माझ्याकडे एक आकडा आहे. तो आणि डब्याचा नंबर एकत्र केला की कुठलं दान पडलं ते मला काढता येतं. केव्हाही."

"सगळ्या डब्यांचं?"

"चौथ्यापासून. पहिल्या तिघांत नव्हतं. तिसरा आठवतो? ते वकील. ऑफिस हलवताना हमालांनी डबा पाडला आणि त्यांच्या सगळ्या केसेस गेल्या. माणूस इथे, या खुर्चीत बसून रडला. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा कोणावर ही पाळी येऊ द्यायची नाही. आणि नाही आली. चार जणांची किल्ली मी परत आणून दिली. तुला पत्तासुद्धा लागू दिला नाही. कोणाचं वाईट केलं मी?"

"मग लोकांना सांगायचं होतं. एक किल्ली आमच्याकडे असते म्हणून."

"मग घेतलं कोणी असतं?"

खाली शेडमध्ये कोणीतरी पॅकिंगची टेप ओढत होतं, तिचा करकर आवाज वर येत होता. बानूने खालच्या आवाजात विचारलं, "तो आकडा आणखी कोणाला दिलाय?"

"अजून नाही."

"अजून म्हणजे?"

दादा खिडकीबाहेरच्या कंटेनरांकडे बघत राहिले. "कंपनी विकतोय मी. वर्षभर बोलणी चालू आहेत. बाहेरचे लोक आहेत, मोठे. तुला सांगणारच होतो. तुझी नोकरी शाबूत राहील, तसं मी लिहूनच घेतलंय."

"त्यांना आपले डबे हवेत?"

"डबे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगले आहेत."

बानूला कळायला एक क्षण लागला. डबे नको होते, त्यांना तो आकडा हवा होता. एकतीसातल्या अठ्ठावीस ठिकाणची कुलपं. त्यांत ती सतरा महिने गप्प बसलेली बाईसुद्धा होती.

"दादा," ती म्हणाली, "मग मला का पाठवत होता? प्रत्येक वेळी मीच का? तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं."

दादा तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर माया होती, तीच नेहमीची, आणि तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

"कारण तुला खोटं बोलता येत नाही. मी समोर बसलो असतो तर एखाद्याने डोळ्यांवरून ओळखलं असतं. तुझ्या चेहऱ्यावर सापडायला काही नव्हतंच. तुला माहीत असतं तर तुला सांगता आलं नसतं, म्हणून मी तुला माहीत होऊ दिलं नाही. अगं, कौतुकाने म्हणतोय मी. ही कंपनी तुझ्या शब्दावर उभी राहिली."

ती उठली आणि दार उघडून जिना उतरली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून मुश्ताक घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हमरिया बंदरात क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवून द्यायचं काम करायचा. माणूस धीम्या स्वभावाचा. ऐकता ऐकता त्याचं ताट निवून गेलं.

"तू गप्प राहिलीस तर?" त्याने विचारलं.

"तर मीही त्यात आले."

"अलिनाचं दहावीचं वर्ष आहे. तुझा व्हिसा त्यांच्या कंपनीवर आहे. आणि तो माणूस... बानू, त्या बारा दिवसांत त्यांनी पोरीला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं."

"तेच तर समजत नाही मला. तेव्हाही डब्यांत फासे होतेच. एका हाताने पोरगी सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताने..."

अलिना फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "बट ममा, ही सेव्ह्ड देअर फाइल्स, राइट? सो व्हॉट्स द प्रॉब्लेम?"

"तुझ्या डायरीची एक किल्ली तीन वर्षं माझ्या पर्समध्ये होती, असं आज कळलं तर?"

"डिड यू रीड इट?"

"नाही म्हटलं तर विश्वास ठेवशील?"

अलिनाने आईकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि उठून आपल्या खोलीत गेली.

मुश्ताकने ताट बाजूला सारलं. "ठीक आहे. जे करायचं ते कर. पण व्हॉट्सअ‍ॅपवर एक अक्षर टाकायचं नाही, इथे बदनामीच्या कायद्यात ते अंगाशी येतं. आधी वकील. आणि हातात कागद पाहिजे, नुसती जबान चालत नाही."

कागद होता की. बानूला त्याचाच भरवसा होता. पण सोमवारी ती ऑफिसात गेली तर टेबलामागचं कपाट रिकामं. एकतीस फाइलींपैकी एकही नाही. कपाट कोणीतरी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसूनही ठेवलं होतं. तिचा पासवर्ड चालेना. दादा त्या दिवशी ऑफिसात आले नव्हते. तिने राजीनामा लिहून रिसेप्शनवर दिला आणि गाडी रास अल खैमाकडे वळवली. ठशाची दुसरी प्रत डॉक्टरांकडे होती.

डॉक्टरांनी तिला पाहताच खजुराचा डबा पुढे केला. "आज तुम्ही गोड खाल्ल्याशिवाय जायचं नाही!"

बानूने खजूर घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं. फासे, आकडा, विक्री, सगळं. सांगताना तिने एकही गोष्ट सौम्य केली नाही. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा आनंद असा ओसरत गेला की तिला तो पाहवेना.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

"गुरुवारपासून. तुमचा फोन आला तेव्हापासून."

"आणि हे मी खरं का मानू?"

बानू तोंड उघडणार तोच त्या पुढे म्हणाल्या,

"तीन वर्षांपूर्वी याच खोलीत उभं राहून तुम्ही सांगितलंत की हे कोणालाही उघडता येणार नाही. तेव्हा मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, बानू. माझा धंदाच आहे तो. चेहरे वाचण्याचा. तेव्हाही तुमचा चेहरा असाच होता. आजच्यासारखाच."

दादांच्या केबिनमध्ये जे झालं त्याने बानू हादरली होती, पण मोडली ती इथे. मी खरं बोलत होते असं म्हणायचा तिला हक्क होता, पण त्याचा उपयोग काही नव्हता. तिच्या खरेपणाचंच कोणीतरी हत्यार केलं होतं, आणि ज्यांना ते लागलं त्यांनी हत्याराला ते चालवणाऱ्यापासून वेगळं का समजावं?

"मला तो ठशाचा कागद हवाय," ती म्हणाली. "आमच्याकडची प्रत गेली. जुन्या डब्याचा कागद आणि नव्या डब्याची स्क्रीन, दोन्हींवर एकच ओळ आहे. एवढाच पुरावा आहे. पण तुम्ही तो दिला की हे प्रकरण बाहेर येणार, आणि तुमच्या पेशंटांना तुम्हाला सांगावं लागणार."

"सहाशे माणसांना."

"हो."

"आणि मी नाही दिला तर? माझ्या फाइली मला मिळाल्यात. माझं काम सुरू झालंय."

"तर मी निघून जाईन. तो कागद तुमचा आहे."

डॉक्टर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर वाट बघणाऱ्यांत कोणीतरी खोकलं. त्यांनी वळून खण उघडला, एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातला कागद टेबलावर ठेवला. मग कपाटापाशी जाऊन नव्या डब्याच्या स्क्रीनचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे बानूला पाठवला.

"घ्या. कोणी विचारलं तर मी येऊन सांगेन," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पुन्हा इथे येऊ नका. तुम्ही खोटं बोलला नसाल. असेल तसंच. पण मी तुम्हाला पाहिलं की मला माझं पेशंटांना दिलेलं वचन आठवेल, ते मला झेपायचं नाही."

वकिलाने अर्ज लिहून दिला. पोलिसांतल्या तरुण अधिकाऱ्याने चार तास बसून, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून, जबाब उतरवून घेतला आणि शेवटी बानूला पाणी दिलं. पुढच्या महिन्यात तज्ज्ञांनी सहा डबे ताब्यात घेऊन उघडले. विक्रीची बोलणी दोन दिवसांत मोडली. ते मोठे लोक आपण असे कोणी नव्हतोच असं वागले. शेडला कुलूप लागलं. दादांचा पासपोर्ट जमा झाला, खटला अजून चालू आहे. तो आकडा खरोखर कोणाला दिलेला नव्हता की होता, हे आजपर्यंत नक्की कळलेलं नाही.

बानूला वाटलं होतं, अठ्ठावीसही जण हादरून जातील. एकोणीस जणांनी डबे काढून टाकले. बाकीच्यांनी चौकशीही केली नाही. एका कारखानदाराने तर फोनवर तिलाच सुनावलं, "किल्ली हरवली तर परत देणारा माणूस होता, तुम्ही त्यालाच आत घालायला निघालात. क्या फायदा हुआ आपका?" नव्या नोकरीसाठी ती दोन ठिकाणी गेली, दोन्हीकडे जुन्या कंपनीचं नाव ऐकताच समोरच्या माणसाची नजर बदलली. शेवटी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात तिला मशिनरीच्या तपासणीचं काम मिळालं. पगार कमी, रस्ता लांब. वर्तक डॉक्टरांनी सहाशे जणांना कळवलं. चाळीसेक पेशंट येईनासे झाले, असं त्यांनी वकिलाला सांगितलं. ती बाई त्यांत होती की नाही, हे विचारायची बानूची हिंमत झाली नाही.

जूनमध्ये एकदा ती अल नहदाच्या सुपरमार्केटमध्ये गेली होती. सामान घेऊन पार्किंगला जायच्या लिफ्टपाशी उभी राहिली तर शेजारी दादा. वाळले होते, दाढी वाढली होती. हातात ब्रेडचं एक पाकीट.

"अलिनाचं बोर्डाचं कसं गेलं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं गेलं. मॅथ्सचा एक पेपर जरा..." आपण उत्तर देतोय हे बानूच्या ध्यानात आलं तोवर अर्धं वाक्य होऊन गेलं होतं. त्या आवाजाने विचारलं की सांगायचं, ही सवय वीस वर्षांची होती.

"हुशार आहे ती. काळजी करू नकोस." दादांनी ब्रेडचं पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. "आधी माझ्याकडे यायचं होतंस, बानू. पोलिसांत जायच्या आधी."

"आले होते, दादा. दार लावून घ्यायला तुम्हीच सांगितलंत."

त्यांनी मान हलवली. कबुली होती की नुसतं ऐकल्याची खूण, सांगता येत नव्हतं. लिफ्ट आली. दादांनी आत जाऊन दार हाताने धरून ठेवलं, तिची ट्रॉली आत यावी म्हणून.

"ये ना," ते म्हणाले.

बानू जागची हलली नाही. दोनदा घंटी वाजली, मग त्यांनी हात काढून घेतला आणि दार बंद झालं. लिफ्ट खाली गेली. ती परत वर येईपर्यंत बानू ट्रॉलीचा दांडा धरून तिथेच उभी होती, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने, "सिस्टर, आर यू ओके?" असं विचारलं, तेव्हा कुठे ती बाजूला झाली.